लांडगा पाळता येतो का? लांडगे आणि त्यांना शिकवणारी माणसं



'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकली आहे आणि आता वर्गात मुलांना सांगतोही. चौथीच्या वर्गात ही गोष्ट सांगून झाल्यावर एका मुलाने विचारलं, "सर, कुत्र्यासारखा लांडगा पाळता येतो का?" मी पटकन म्हणालो, "नाही रे बाळा, तो जंगली प्राणी आहे." त्यावर त्याचा दुसरा प्रश्न तयारच होता. "मग कुत्रा कुठून आला?"

कुत्रा लांडग्यापासूनच आला, एवढं मला माहीत होतं. पण मग लांडग्याचं पिल्लू घरात आणून प्रेमाने वाढवलं, तर ते कुत्र्यासारखं का होणार नाही? याचं नीट उत्तर त्या दिवशी माझ्याकडे नव्हतं. मी त्याला "शोधून सांगतो" म्हणालो आणि खरोखरच शोधायला बसलो. तेव्हा कळलं की जगात काही माणसं वर्षानुवर्षं हेच करत आहेत. ती लांडग्याची पिल्लं हाताने वाढवतात, त्यांना शिकवतात आणि त्यांचा अभ्यास करतात. त्यांच्याकडून जे समजलं ते आज तुमच्यासमोर मांडतो. लेख जरा मोठा आहे, पण मुलांना सांगण्यासारखं यात खूप आहे.

१) लांडगा आणि कुत्रा यांचं नातं

आधी थोडी पार्श्वभूमी पाहू. कुत्रा आणि लांडगा हे इतके जवळचे नातेवाईक आहेत की अनेक शास्त्रज्ञ कुत्र्याला लांडग्याचीच एक उपजाती मानतात. दोघांपासून पिल्लं होऊ शकतात आणि त्या पिल्लांनाही पुढे पिल्लं होतात.

निदान १४-१५ हजार वर्षांपूर्वी कुत्रा माणसाच्या सोबत होता, याचे पुरावे आहेत. जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल इथे १९१४ साली एक जुनं दफन सापडलं. ते सुमारे १४ हजार वर्षांपूर्वीचं आहे. त्यात एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्यासोबत पुरलेलं कुत्र्याचं पिल्लू होतं. पुढे त्या पिल्लाच्या दातांचा अभ्यास झाला. ते लहानपणी गंभीर आजारी पडलं होतं आणि तरी काही आठवडे जगलं, असं त्यातून दिसलं. कोणीतरी त्याची सेवा केल्याशिवाय हे शक्य नव्हतं, असा निष्कर्ष शास्त्रज्ञांनी काढला. म्हणजे ज्या काळात माणसाला शेतीसुद्धा ठाऊक नव्हती, त्या काळात तो कुत्र्याच्या आजारी पिल्लाची काळजी घेत होता.

पण लक्षात घ्या, तो तेव्हाच 'कुत्रा' झाला होता. लांडग्यापासून कुत्रा होण्याचा प्रवास त्याआधीच घडला होता.

२) माणसाळलेला आणि पाळीव यांत फरक काय?

आपण बोलताना हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरतो. पण या विषयात त्यांतला फरक फार महत्त्वाचा आहे.

माणसाळणं ही एका प्राण्याच्या आयुष्यातली गोष्ट आहे. एखादं पिल्लू माणसात वाढलं, त्याची माणसाची भीती गेली, म्हणजे ते माणसाळलं. पण त्याची पुढची पिल्लं पुन्हा जन्मतः जंगलीच असतात. त्यांच्यावर पुन्हा पहिल्यापासून मेहनत घ्यावी लागते.

पाळीव होणं ही पिढ्यान्‌पिढ्यांची गोष्ट आहे. त्यात प्राण्याचा स्वभाव जन्मतःच बदललेला असतो.

रशियातला एक प्रसिद्ध प्रयोग हा फरक छान दाखवतो. दिमित्री बेल्यायेव या शास्त्रज्ञाने १९५९ मध्ये सैबेरियात नोवोसिबिर्स्क इथे कोल्ह्यांवर प्रयोग सुरू केला. ल्युडमिला त्रुत या त्यांच्या सहकारी होत्या आणि बेल्यायेव यांच्यानंतर त्यांनी हे काम अनेक वर्षं पुढे नेलं. पद्धत साधी होती. प्रत्येक पिढीतले माणसाला सगळ्यात कमी घाबरणारे कोल्हे निवडायचे आणि पुढची पिढी फक्त त्यांच्यापासून घ्यायची. कोल्ह्यांना काही शिकवायचं नाही, लाडही करायचे नाहीत. फक्त निवड. सहाव्या पिढीपर्यंत अशी काही पिल्लं जन्माला येऊ लागली जी माणूस दिसताच शेपटी हलवायची, कुंईकुंई करायची, हात चाटायची. त्यांना हे कोणी शिकवलं नव्हतं.

म्हणजे कुत्र्याचा माणसाळूपणा हा केवळ शिकवणीचा भाग नाही, तो त्याच्या रक्तात आलेला आहे. लांडग्याच्या रक्तात तो नाही. मग लांडग्याला शिकवणारी माणसं नेमकं काय करतात?

३) दहाव्या दिवसापासून आईबाप

ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना. तिच्या उत्तरेला एर्न्स्टब्रुन नावाच्या गावाजवळच्या प्राणी उद्यानात 'वुल्फ सायन्स सेंटर' ही संस्था आहे. फ्रीडेरिके रांगे, झोफिया विरान्यी आणि कुर्ट कोत्र्शाल या तीन शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये ती सुरू केली. लांडगे आणि कुत्रे यांना अगदी सारख्या पद्धतीने वाढवायचं आणि मग त्यांच्या वागण्यात काय फरक पडतो ते पाहायचं, हा संस्थेचा उद्देश. त्यांच्याकडे आलेल्या पहिल्या तीन लांडग्यांची नावं होती कास्पर, अरागॉर्न आणि शिमा.

इथे पिल्लू साधारण दहा दिवसांचं असताना आईपासून वेगळं करतात. तेव्हा त्याचे डोळेही नीट उघडलेले नसतात. त्यानंतरचे सुमारे पाच महिने माणसं चोवीस तास त्या पिल्लांसोबत राहतात. बाटलीने दूध पाजायचं, साफसफाई करायची, रात्री त्यांच्याजवळच झोपायचं. घरात तान्हं बाळ असलं की झोपेचं काय होतं, हे वाचकांपैकी अनेकांना माहीत असेल. इथे तशी चार-पाच बाळं एकदम असतात आणि त्यांना सुईसारखे दात असतात!

तुम्ही म्हणाल, एवढी घाई कशाला? पिल्लू दोन महिन्यांचं झाल्यावर आणलं तर नाही का चालणार? कुत्र्याचं पिल्लू आपण तेवढ्याच वयात घरी आणतो की!

याचं उत्तर अमेरिकन शास्त्रज्ञ कॅथरीन लॉर्ड यांच्या अभ्यासात मिळतं. त्यांनी लांडग्याच्या आणि कुत्र्याच्या पिल्लांची वाढ आठवड्याआठवड्याने तपासली. दोघांचीही ज्ञानेंद्रियं एकाच वेळी जागी होतात असं त्यांना दिसलं. साधारण दोन आठवड्यांनी वास, चार आठवड्यांनी ऐकणं आणि सहा आठवड्यांनी नीट दिसणं. फरक दुसरीकडेच होता. कुत्र्याचं पिल्लू चार आठवड्यांचं झाल्यावर आजूबाजूला हिंडायला लागतं. लांडग्याचं पिल्लू दोन आठवड्यांतच हिंडायला लागतं, म्हणजे त्याला ना नीट ऐकू येत असतं, ना दिसत असतं. ते फक्त वासावर जग ओळखत फिरतं.

प्रत्येक पिल्लाच्या आयुष्यात काही आठवडे असे असतात की त्या वेळी जे भेटतं ते 'आपलं' वाटतं. ते आठवडे संपले की नवीन गोष्टीची भीती वाटू लागते. लांडग्याच्या पिल्लाचे हे आठवडे लवकर सुरू होतात आणि लवकर संपतात. त्याला नंतर पहिल्यांदा आवाज ऐकू येतात तेव्हा ते दचकतं, पहिल्यांदा स्पष्ट दिसायला लागतं तेव्हा पुन्हा दचकतं. म्हणून माणसाचा वास त्याच्या जगात अगदी सुरुवातीपासून असावा लागतो. कुत्र्याच्या पिल्लाला योग्य वयात माणसाचा तास-दीड तासाचा सहवासही पुरतो. लांडग्याच्या पिल्लाला तीन आठवड्यांच्या आधीपासून चोवीस तासांचा सहवास लागतो आणि तरीही ते कुत्र्याइतकं माणसाळत नाही.

म्हणजे वर्गातल्या त्या मुलाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळालं.

४) मागे वळून न पाहणारी पिल्लं

हंगेरीची राजधानी बुडापेस्ट इथल्या एओतव्होश लोरांड विद्यापीठात या शतकाच्या सुरुवातीला असाच एक प्रयोग झाला. प्रत्येक पिल्लाला एक स्वतंत्र पालक दिला होता. हे पालक म्हणजे बहुतेक विद्यापीठातलेच तरुण विद्यार्थी. ते पिल्लाला अंगावरच्या झोळीत घेऊन फिरायचे, रात्री सोबत झोपायचे. कुत्र्यांची पिल्लंही अशीच वाढवली होती.

मग एक साधी परीक्षा घेतली. आधी त्यांना दोरी ओढून मांसाचा तुकडा मिळवायला शिकवलं. लांडगे आणि कुत्रे दोघंही शिकले. नंतर गुपचूप ती दोरी पक्की बांधून टाकली. आता कितीही ओढलं तरी मांस मिळणार नव्हतं.

कुत्र्यांनी थोडा वेळ ओढून पाहिलं, मग थांबले आणि वळून मागे उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडाकडे पाहू लागले. 'अहो, हे काही निघत नाही, जरा बघा ना!' असाच जणू त्याचा अर्थ. लांडगे मात्र ओढतच राहिले. ज्याने रात्रंदिवस वाढवलं तो माणूस दोन पावलांवर उभा होता, पण मदतीसाठी त्याच्याकडे पाहावं असं त्यांना फारसं सुचलंच नाही. आदाम मिक्लोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध केला.

याच प्रकल्पात आणखी एक चाचणी झाली. लहान मुलाचं आईशी नातं तपासण्यासाठी मानसशास्त्रात एक पद्धत वापरतात. अनोळखी खोलीत मूल, आई आणि एक परकी व्यक्ती. आई थोडा वेळ बाहेर जाते, मग परत येते. तेव्हा मूल कसं वागतं ते पाहायचं. सोळा आठवड्यांच्या पिल्लांवर ही चाचणी केल्यावर कुत्र्याची पिल्लं आपल्या माणसाला आणि परक्याला वेगळी वागणूक देताना दिसली. लांडग्याच्या पिल्लांमध्ये तसा फरक दिसला नाही.

झालं! लांडगा माणसावर जीव लावतच नाही, असा समज यातून पक्का झाला. अनेक वर्षं हेच सांगितलं जायचं.

५) मग जिव्हाळा नसतोच का?

विज्ञानाची मला आवडणारी गोष्ट म्हणजे इथे 'झालं' असं कधी होत नाही. कोणीतरी पुन्हा तपासून पाहतंच.

स्वीडनमध्ये स्टॉकहोम विद्यापीठात क्रिस्टिना हॅन्सन व्हीट यांनी दहा दिवसांच्या वयापासून लांडग्याची पिल्लं वाढवली आणि तीच परक्या खोलीची चाचणी थोड्या मोठ्या, २३ आठवड्यांच्या पिल्लांवर केली. १० लांडगे आणि १२ कुत्रे त्यात होते. निकाल २०२२ मध्ये आले. या लांडग्यांनी आपल्याला वाढवणारी व्यक्ती आणि परकी व्यक्ती यांत स्पष्ट फरक केला. आपल्या माणसाच्या ते जवळ जात, अंगाला अंग लावत. परकी व्यक्ती खोलीत असली की ते अस्वस्थ होऊन येरझाऱ्या घालायचे आणि आपलं माणूस आत आलं की त्यांच्या येरझाऱ्या कमी व्हायच्या. कुत्रे तर परक्यापुढेही निवांत होते. ज्या प्राण्याला नवी जागा आणि नवी माणसं भीतिदायक वाटतात, त्याला त्याचं माणूस धीर देत होतं.

त्याआधी २०२० मध्ये हंगेरीतल्या शास्त्रज्ञांनी प्रौढ, माणसांत वाढलेल्या लांडग्यांवर अभ्यास केला होता. आपला सांभाळणारा दूर गेला की हे लांडगे त्याच्या दिशेने पट्टा ओढायचे आणि कुंईकुंई करायचे. परकी व्यक्ती गेली तर एवढं काही वाटायचं नाही.

हॅन्सन व्हीट यांच्याच २०२० मधल्या दुसऱ्या एका अभ्यासात आठ आठवड्यांच्या १३ पिल्लांसमोर एका अनोळखी माणसाने चेंडू टाकला. त्यांतल्या तीन पिल्लांनी तो उचलून त्या माणसाकडे परत आणून दिला. त्यांना हे कोणीही शिकवलं नव्हतं. तेरात तीन म्हणजे थोडीच. पण कदाचित हजारो वर्षांपूर्वी अशाच 'तीन' पिल्लांपासून पुढचा सगळा प्रवास सुरू झाला असेल!

म्हणजे लांडग्याला जिव्हाळा असतो, पण तो एका-दोघांपुरता असतो. कुत्रा 'माणूसजात' आपली मानतो, लांडगा 'हा माणूस' आपला मानतो. त्यामुळे लांडग्याला शिकवणारा माणूस अचानक बदलता येत नाही. नवा प्रशिक्षक आला की त्याला पहिल्यापासून विश्वास मिळवावा लागतो.

६) शिकवायचं कसं?

आता शिक्षक म्हणून आपल्याला सगळ्यात जवळचा भाग.

लांडग्याला मारून किंवा धाक दाखवून शिकवता येत नाही. एक तर लहान पिल्लू सोडलं तर ताकदीत तो आपल्याला ऐकणारा नाही. दुसरं, एकदा भीती बसली की तो जवळच येत नाही आणि जवळ न येणाऱ्याला शिकवणार काय? म्हणून एर्न्स्टब्रुनसारख्या ठिकाणी सगळं शिक्षण बक्षिसावर आणि स्वखुशीवर चालतं.

पद्धत थोडक्यात अशी. हातात 'टिक' असा आवाज करणारं एक छोटं यंत्र असतं, त्याला क्लिकर म्हणतात. लांडग्याने हवी ती कृती केली की त्याच क्षणी 'टिक' करायचं आणि लगेच मांसाचा छोटा तुकडा द्यायचा. काही दिवसांत लांडग्याला कळतं की 'टिक' म्हणजे 'बरोबर केलंस'. चुकलं तर शिक्षा नाही, फक्त 'टिक' होत नाही. या पद्धतीने लांडगे बसायला, आडवं व्हायला, गळ्यात पट्टा घालून माणसासोबत फिरायला शिकतात. पडद्यावरच्या चित्राला नाकाने स्पर्श करून उत्तर द्यायलाही शिकतात. तोंड उघडून दाखवणं, अंग तपासू देणं अशा गोष्टी शिकल्या की डॉक्टरांच्या तपासणीच्या वेळी दर वेळी बेशुद्ध करण्याची गरज उरत नाही.

आणि लांडग्याला यायचं नसेल तर? मग त्या दिवशी तास नाही! त्याला ओढून आणत नाहीत.

अशा शिकवणीचा लांडग्यांच्या मनावर ताण येतो का, हेही तपासलं गेलं. ताण वाढला की शरीरात कॉर्टिसॉल नावाचं द्रव्य वाढतं आणि ते लाळेत मोजता येतं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लांडगे आणि कुत्रे या दोघांच्याही लाळेतलं कॉर्टिसॉल शिकवणीच्या तासानंतर कमी झालेलं आढळलं. ओळखीच्या माणसासोबत शांतपणे शिकताना त्यांचा ताण उतरत होता. (आपल्या तासानंतर मुलांची लाळ तपासली तर काय निघेल, असा विचार माझ्या मनात आला खरा!)

आणखी एक प्रयोग सांगतो. एका फळीवर खाऊ ठेवलेला. फळीला दोरी ओवलेली, तिची दोन टोकं बाहेर. दोन्ही टोकं दोघांनी एकाच वेळी ओढली तरच फळी पुढे येते. एकट्यानेच ओढलं तर दोरी निसटून जाते. एर्न्स्टब्रुनमध्ये हा प्रयोग आधी लांडगा-लांडगा आणि कुत्रा-कुत्रा अशा जोड्यांवर केला. लांडग्यांच्या सातपैकी पाच जोड्यांना जमलं, कुत्र्यांच्या आठपैकी फक्त एका जोडीला जमलं. आपल्याला वाटतं त्याच्या अगदी उलट! टोळीत एकमेकांना सांभाळून काम करणं हा लांडग्याचा मूळ स्वभाव आहे. मोठी शिकार एकट्याने होत नाही, पिल्लं एकट्याने वाढत नाहीत.

मग २०१९ मध्ये जोडीदार म्हणून माणूस घेतला. तेव्हा लांडगे आणि कुत्रे दोघांनीही माणसासोबत काम फत्ते केलं. फरक एवढाच होता की कुत्रा माणूस काय करतो ते पाहून त्याच्यामागून जायचा, तर लांडगा स्वतः आधी निघायचा आणि माणसाने आपल्यासोबत यावं अशी त्याची अपेक्षा असायची. लांडगा माणसाला हुकूम देणारा समजत नाही, सोबत काम करणारा समजतो.

७) 'अल्फा' नावाची चुकीची समजूत

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. 'लांडग्यांच्या टोळीत एक दादा असतो, तो मारामारी करून राज्य मिळवतो, म्हणून प्राण्याला शिकवताना आपणच दादा व्हायचं', असं आपण ऐकलेलं असतं. कुत्र्याला जमिनीवर उताणा दाबून धरायचे सल्ले यातूनच आले.

या कल्पनेचं मूळ आहे १९४७ सालच्या एका अभ्यासात. रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझल प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचं निरीक्षण केलं होतं. छोट्या जागेत एकत्र कोंडलेले ते लांडगे साहजिकच भांडत होते. पुढे अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड मीच यांनी १९७० मध्ये लिहिलेल्या गाजलेल्या पुस्तकातूनही ही कल्पना सर्वदूर पसरली.

पण नंतर स्वतः मीच यांनीच कॅनडाच्या उत्तरेकडच्या एल्समियर बेटावर जंगली लांडगे अनेक उन्हाळे जवळून पाहिले. तिथे त्यांना दादागिरी दिसली नाही, दिसलं ते घर. टोळी म्हणजे आई, बाप आणि त्यांची पिल्लं. मोठी झालेली पिल्लं बाहेर पडून आपला संसार थाटतात. आईबाप पुढे असतात ते आईबाप म्हणून, कोणाला हरवून नाही. १९९९ मध्ये मीच यांनी 'अल्फा' हा शब्द इथे चुकीचा आहे असं स्पष्ट लिहिलं. आपलं जुनं पुस्तक छापणं बंद करा, असंही त्यांनी प्रकाशकांना सांगितलं आणि अखेर ते थांबलं.

आपलीच जुनी चूक चारचौघांत मान्य करणं सोपं नसतं. मुलांना विज्ञान म्हणजे काय हे समजावताना मी आता हे उदाहरण सांगतो.

८) विश्वासाची मर्यादा

एवढं वाचून कोणाला वाटेल, मग काय, आणूया एक पिल्लू! म्हणून हा भाग नीट वाचा.

२०१२ मध्ये स्वीडनमधल्या एका प्राणी उद्यानात लांडग्यांनी त्यांच्याच सांभाळणाऱ्या एका तरुण कर्मचारी महिलेला ठार केलं. ते लांडगे लहानपणापासून माणसांच्या सवयीचे होते आणि ती त्यांच्या ओळखीची होती. ती कुंपणाच्या आत एकटी गेली होती. नेमकं काय बिनसलं ते पाहणारं तिथे कोणी नव्हतं.

यात लांडग्यांना 'कृतघ्न' म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. वेळ आली की लांडगा लांडग्यासारखाच वागतो. लंगडणारा, पडलेला, घाबरलेला जीव दिसला की त्याच्यातला शिकारी जागा होऊ शकतो. म्हणून लांडग्यांसोबत काम करणारी अनुभवी माणसं काही पथ्यं कडक पाळतात. आत एकट्याने जायचं नाही. आजारी असाल, पाय मुरगळला असेल, मन ठिकाणावर नसेल तर जायचं नाही. त्याच्या तोंडचं खाणं काढायचं नाही. तो काय सांगतोय, म्हणजे कान, शेपटी, पाठीवरचे केस यांवर सतत नजर ठेवायची. प्रेम आहे म्हणून पथ्य सोडायचं नाही.

आणि दुसरी बाजूही आहे. दहा दिवसांचं पिल्लू आईपासून तोडावं लागतं, ही किंमत लहान नाही. असा लांडगा पुन्हा जंगलात सोडता येत नाही, कारण त्याची माणसाची भीती गेलेली असते आणि माणसाला न भिणारा लांडगा गावाजवळ फार दिवस जगत नाही. त्यामुळे एकदा हाताने वाढवला की पुढची दहा-बारा वर्षं, तो मरेपर्यंत, त्याची जबाबदारी घ्यावी लागते. त्यासाठी मोठी जागा, सोबतीला इतर लांडगे, रोजचं मांस आणि त्याला जाणणारी माणसं लागतात. हौसेखातर हे कोणी करू नये.

९) आपल्या माळरानावरचा लांडगा

आपल्याकडेही लांडगा आहे बरं का! पुणे, सोलापूर, अहिल्यानगर या भागांतल्या माळरानांवर तो राहतो. युरोप-अमेरिकेतल्या लांडग्यापेक्षा हा अंगाने लहान आणि सडपातळ, रंगाने माळावरच्या वाळलेल्या गवतासारखा. धनगर बांधवांची आणि त्याची ओळख पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. मेंढरू गेलं की नुकसान होतंच, राग येतोच. ते नुकसान खरं आहे, हे शहरातल्या वाचकांनी विसरू नये.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात लांडग्याला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच रांगेत, संरक्षण दिलेलं आहे. त्याला मारणं किंवा पकडणं, बिळातली पिल्लं उचलून आणणं, पाळणं हा गुन्हा आहे. कधी माळावर एकटी पिल्लं दिसली तर ती 'अनाथ' आहेत असं समजू नका. आई बहुतेक वेळा शिकारीला गेलेली असते. पिल्लांना हात न लावता लांब व्हायचं आणि गरज वाटली तर वनविभागाला कळवायचं. हे मुलांना जरूर सांगा.

१०) त्या मुलाला काय सांगितलं?

शेवटी मी त्याला असं सांगितलं : "लांडग्याला माणसाचा लळा लागू शकतो. पण त्यासाठी माणसाला त्याच्याजवळ दहाव्या दिवसापासून रात्रंदिवस राहावं लागतं. आणि लळा लागला तरी तो आपलं ऐकेलच असं नाही. तो सोबत येईल, पण लांडगा म्हणूनच. कुत्रा व्हायला त्याला हजारो वर्षं लागली."

तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मग सर, आमचा मोत्या म्हणजे हजारो वर्षांचा लांडगा!"

मी म्हटलं, हो रे, अगदी बरोबर.

मुलांसाठी उपक्रम

१. 'माणसाळलेला' आणि 'पाळीव' यांतला फरक तुमच्या शब्दांत दोन-तीन वाक्यांत लिहा.
२. तुमच्या घरच्या किंवा गल्लीतल्या ओळखीच्या कुत्र्याचं दहा मिनिटं लांबून निरीक्षण करा. तो किती वेळा माणसाच्या तोंडाकडे पाहतो ते मोजा. (अनोळखी कुत्र्याजवळ जाऊ नका.)
३. दोघांनी मिळून करायचा खेळ : एका लांब दोरीची घडी पाटाच्या मागून फिरवून तिची दोन्ही टोकं पुढे घ्या आणि पाटावर पुस्तक ठेवा. दोघांनी एकेक टोक धरून न बोलता पाट पुढे ओढा. एकट्यानेच ओढलं तर काय होतं?
४. घरातल्या किंवा गावातल्या वडीलधाऱ्यांना लांडग्याविषयीचा त्यांचा अनुभव विचारा आणि पाच ओळींत लिहून आणा.
५. चर्चा करा : 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट लांडग्याच्या बाजूने सांगायची तर कशी सांगाल?

तुमच्या वर्गात मुलांनी काय उत्तरं दिली ते मला जरूर कळवा. पुढच्या लेखात भेटूच.